आधी परतावा, मग बिल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात कार्बन करावर अर्धं पान लेख आला होता. लेख चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून लेखकमहाशयांना वाटायचं की म्हातारीला नुसतं भांडायचंय. कोळसा, पेट्रोल, गॅस जाळल्याने हवेचं जे नुकसान होतं त्याची किंमत जाळणाऱ्यानेच मोजावी, जमलेला पैसा सरकारने स्वतःकडे न ठेवता माणशी सारखा वाटून टाकावा, म्हणजे गरीब घराला उलट चार पैसे जास्तच मिळतील, असं त्यांचं म्हणणं. शेजारी तक्ता होता. उत्पन्नाप्रमाणे लोकांचे पाच गट, कोणी किती भरले, कोणाला किती परत आले. खालच्या तीन गटांपुढे अधिकचं चिन्ह, आणि तक्त्याखाली एक ओळ: सरासरी कुटुंब फायद्यात राहील.

मी एकतीस वर्षं वीजबिल भरणा केंद्राच्या खिडकीत रोखपाल होते. तेवढ्या वर्षांत माझ्या खिडकीपुढे सरासरी कुटुंब काही कधी येऊन उभं राहिलं नाही. म्हणून हे पत्र.

कर वाईट आहे, असं मला म्हणायचं नाही. हा विचार काही कालचा नाही. आर्थर पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली मांडून ठेवलं होतं की, एकाच्या धंद्याचा त्रास दुसऱ्याला होत असेल तर तो त्रास किमतीत धरला पाहिजे, आणि त्यासाठी कर लावावा. फिनलंडने १९९० मध्ये पहिला कार्बन कर लावला, पुढच्याच वर्षी स्वीडनने लावला. माझा मुद्दा त्याहून बारीक आहे, म्हटलं तर कारकुनी आहे. पैसा परत देणार, ठीक. पण कोणत्या तारखेला, कोणाच्या नावावर, आणि कोणत्या हिशेबाने?

तारखेचं आधी सांगते, कारण ती गोष्ट मी रोज पाहिली आहे.

माझ्याकडे एक बाई यायच्या. एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. त्यांच्या बिलाची शेवटची तारीख महिन्याच्या सात-आठला पडायची आणि पगार व्हायचा दहाला. त्यामुळे त्या यायच्या अकराला, कामावर जाण्याआधी, रांगेत पहिल्या. बिलाची चौघडी उलगडून समोर ठेवायच्या, वर विलंब आकाराचे सुटे पैसे वेगळे मोजून ठेवायच्या. मला मागावे लागायचे नाहीत. दर महिन्याला. महिन्याभराचा हिशेब मांडला तर बाईंकडे बिलाचे पैसे होते. फक्त सात तारखेला नव्हते. त्या तीन दिवसांची किंमत त्यांनी वर्षानुवर्षं भरली. त्याच रांगेत उभा असलेला, त्यांच्या दसपट वीज जाळणारा माणूस मुदतीच्या आधी भरून सवलत घेऊन जायचा. म्हणजे एकाच कागदावर कमी वापरणाऱ्याला दंड आणि जास्त वापरणाऱ्याला बक्षीस. नियमात काहीच चुकीचं नव्हतं बरं का. दोघांना नियम एकच होता.

एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, माझी तारीख बदलून मिळेल का हो?" मी त्यांना अर्ज लिहून दिला, साहेबांच्या टेबलावर ठेवला, मागे लागले. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आलं, दोन शब्दांचं. तरतूद नाही.

लेखातला तक्ता वर्षाचा आहे. पगारदार माणूस वर्षाचा विचार करू शकतो, कारण त्याच्या खात्यात दोन-तीन महिने निघतील एवढी शिल्लक असते. जिथे शिल्लकच नाही, तिथे वर्ष नावाची गोष्ट नसते. आठवडा असतो, फार तर महिना. कर हा त्या घरात पहिल्या दिवसापासून शिरतो, पेट्रोलच्या लिटरमागे, विजेच्या युनिटमागे, सिलिंडरमागे, बसच्या तिकिटामागे. परतावा मग तिमाहीने येवो नाहीतर वर्षअखेरीला. मधल्या काळात तो खड्डा उसनवारीने भरायचा, आणि उसन्यावर व्याज असतं. ते व्याज कोणत्या तक्त्यात धरलंय? लेखकमहाशयांच्या तक्त्यात नाही, मी दोनदा पाहिलं.

कर किती पडेल ते आकड्यात पाहू, म्हणजे मी उगाच घाबरवते असं व्हायला नको. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा साधारण २.७ किलो. स्वयंपाकाच्या गॅसचा एक किलो जळला की सुमारे ३ किलो. कोळशावरच्या विजेचं एक युनिट धरा साधारण एक किलो. आता टनाला १,००० असा कर लावला, चलन कोणतंही घ्या, तर पेट्रोलच्या लिटरमागे २.३० पडतील आणि विजेच्या युनिटमागे १. ऐकायला हे काही डोक्यावर आभाळ कोसळणारं नाही. बसने जाणाऱ्याला तर फारच थोडं, कारण त्या डिझेलचे वाटेकरी चाळीस. एकट्याने मोटार काढणाऱ्याला वाटेकरी कोणी नाही. इथवर लेखकमहाशयांचं आणि माझं एकमत आहे.

समान वाटपाचं गणितही खरं आहे. चार घरं धरा. एकाने कराचे ५ भरले, दुसऱ्याने ७, तिसऱ्याने ८ आणि बंगलेवाल्याने ४०. जमले ६०. प्रत्येकाला १५ परत दिले तर तिघं फायद्यात, एक तोट्यात. जगाच्या पातळीवर पाहिलं तरी चित्र असंच आहे. १९९० ते २०१५ या पंचवीस वर्षांत जेवढा कार्बन हवेत गेला त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांचा होता, असं ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने हिशेब करून दाखवलं, आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येचा वाटा होता सुमारे सात टक्के. आणि ज्या देशांत अगदी गरीब माणसाकडे गाडीच नाही, विजेचा वापर दोन दिव्यांचा, तिथे हा कर मुळातच वरच्यांवर जास्त पडतो, असंही अभ्यासकांना आढळलं आहे. श्रीमंत देशांत उलटं. तिथे गरिबालाही थंडीत घर तापवावंच लागतं, कामावर गाडीने जावंच लागतं, त्यामुळे कमाईतला त्याचा मोठा हिस्सा इंधनात जातो.

पण ही झाली गटागटांची तुलना. माझी तक्रार गटाच्या आत आहे.

खालच्या गटातली दोन घरं घ्या. कमाई सारखी, माणसं सारखी. एकाने कराचे ५ भरले, दुसऱ्याने २२. दोघांना परत १५. तक्त्यात या दोघांची बेरीज करून दोनने भागतात आणि गटापुढे अधिकचं चिन्ह टाकतात. २२ वालं घर कुठे गेलं? ते सरासरीत बुडालं.

२२ वालं घर उधळ्या माणसाचं असेल असं वाटतं ना? मलाही खिडकीत बसल्यावर पहिली काही वर्षं वाटायचं. जास्त बिल म्हणजे चैन. मग एक गृहस्थ यायला लागले. त्यांच्या पत्नीला फुफ्फुसाचा आजार होता आणि घरी ऑक्सिजनचं यंत्र लावलं होतं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं. ते यंत्र साधारण साडेतीनशे वॉट घेतं आणि बंद करता येत नाही. दिवसाला आठ युनिट, रात्रंदिवस. त्यांचं बिल एका महिन्यात तिप्पट झालं. ते बिलाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी आणायचे आणि खिडकीतून आत सरकवायचे. मी ती दर वेळी बघून परत द्यायचे. त्या चिठ्ठीचं करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. संगणकात ग्राहक प्रकार होता घरगुती, आणि वापराच्या टप्प्यात ते सगळ्यांत वरच्या, एअरकंडिशनरवाल्यांच्या टप्प्यात गेले होते.

आता त्या यंत्राचा कार्बन काढा. दिवसाला आठ युनिट म्हणजे वर्षाला तीन हजारांच्या आसपास, कोळशाची वीज असेल तर जवळजवळ तीन टन. टनाला १,००० दराने तीन हजारांचा कर एकट्या श्वासावर. कर लावण्यामागचं तत्त्व असं की, किंमत वाढली की माणूस वापर कमी करतो. त्या गृहस्थांनी नेमकं काय कमी करायचं होतं?

अशी घरं थोडी असतात, असं उत्तर मिळेल. थोडी नसतात. एकाच्या घरी आजारी माणूस, दुसऱ्याचं घर शेवटच्या बस थांब्यापासून पाच किलोमीटर, तिसऱ्याच्या भाड्याच्या खोलीतला फ्रिज घरमालकाचा, वीस वर्षं जुना, कण्हत चालणारा. कारण प्रत्येकाचं वेगळं, म्हणून त्यांचा गट होत नाही, आणि गट होत नाही म्हणून तक्त्यात रांग मिळत नाही.

भाड्याच्या खोलीवरून नावाचा मुद्दा निघतो. एकदा सरकारकडून वीजबिलात काही सवलत आली होती. साल आणि सरकार सांगत नाही, त्याने फरक पडत नाही. सवलत होती जोडणीमागे. एका मीटरवर पाच खोल्यांची बिऱ्हाडं होती, त्यांना मिळून एक सवलत, आणि ती मीटरवर ज्याचं नाव त्या घरमालकाच्या बिलात. बिऱ्हाडांकडून तो सब-मीटरवर युनिटमागे ठरलेला दर घ्यायचा, तो होता तोच राहिला. त्याच सुमारास दोन सदनिका जोडून घेतलेल्या एका ग्राहकाला दोन मीटरच्या दोन सवलती मिळाल्या. तो भला माणूस होता. खिडकीत येऊन म्हणाला, "मॅडम, ही दुसरी परत करता येते का?" त्याचीही तरतूद नव्हती.

कर मात्र असा अडकत नाही. तो युनिटबरोबर पाझरत पाझरत बरोबर शेवटच्या खोलीपर्यंत पोचतो.

जर्मनीत हा प्रश्न ऐरणीवर आला होता. तिथे २०२१ पासून घर तापवायच्या इंधनावर टनाला २५ युरो कार्बन किंमत लागली आणि ती सगळी भाडेकरूच्या डोक्यावर बसली. खिडक्या बदलायच्या, भिंतींना अस्तर द्यायचं, जुना बॉयलर काढायचा, हे सगळं मालकाच्या हातात, आणि ते न केल्याचा भुर्दंड भाडेकरूला. दोन वर्षांनी, १ जानेवारी २०२३ पासून, त्यांनी कायदा करून हा खर्च वाटून टाकला. इमारत जितकी वाईट, तितका मालकाचा हिस्सा मोठा. दहा पायऱ्या आहेत. सगळ्यांत गळक्या इमारतीत मालकाने ९५ टक्के भरायचे, उत्तम इमारतीत त्याला काहीच नाही. हे मला फार पटलं. ज्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आहे, त्याच्याकडेच बिल गेलं. मात्र याच जर्मनीत, २०२१ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने करारात लिहून दिलेला माणशी परतावा, त्याला ते 'क्लिमागेल्ड' म्हणतात, शेवटपर्यंत निघालाच नाही. किंमत वाढत गेली, परतावा अभ्यासाधीन राहिला.

फ्रान्सचं उदाहरण लेखात एका ओळीत उरकलंय, 'पिवळ्या जाकिटांचं आंदोलन' म्हणून. ते एका ओळीचं नाही. तिथे इंधनावरचा कार्बनचा हिस्सा २०१४ मध्ये टनाला ७ युरो होता, २०१८ पर्यंत तो ४४.६० वर नेला आणि पुढच्या जानेवारीत ५५ करायचं ठरलं होतं. त्याच २०१८ मध्ये संपत्ती कर काढून टाकला, फक्त स्थावर मालमत्तेवर ठेवला. आता तुम्हीच सांगा, लहान गावात राहणाऱ्या, रोज डिझेलच्या गाडीने कामावर जाणाऱ्या माणसाने या दोन बातम्या एकाशेजारी एक वाचल्या तर तो काय म्हणेल? १७ नोव्हेंबर २०१८ ला लोक चौकाचौकात उतरले, प्रत्येक गाडीत सक्तीने ठेवावं लागणारं ते झळझळीत पिवळं जाकीट घालून. 'जगाचा अंत की महिन्याचा अंत' हा त्यांच्यातला प्रसिद्ध बोल. मला त्यातला महिन्याचा अंत चांगला ठाऊक आहे. सरकारने वाढ रद्द केली आणि दर ४४.६० वरच थांबला. करातला बराचसा पैसा सरकारी तिजोरीत जिरत होता, लोकांच्या हातात ठळकपणे काही परत येत नव्हतं, हे तिथल्या रागामागचं कारण लेखात यायला हवं होतं.

कॅनडाचं उदाहरण मात्र लेखकमहाशयांनी भरपूर दिलंय, आणि तिथेच मला सगळ्यांत जास्त बोलायचंय. २०१९ च्या एप्रिलमध्ये टनाला २० डॉलरने सुरुवात, २०२४ मध्ये ८०. जमलेल्या पैशातला सुमारे ९० टक्के घरोघर परत. खेड्यातल्यांना वर दहा टक्के अधिक, पुढे वीस. कागदावर याहून सरळ योजना मिळणार नाही. तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयानेही सांगितलं की, भरलेला कर आणि मिळालेला परतावा एवढंच पाहिलं तर बहुतेक कुटुंबं फायद्यात आहेत. तरी १ एप्रिल २०२५ ला सामान्य ग्राहकाच्या इंधनावरची ती आकारणी शून्यावर आणावी लागली.

का, याचं उत्तर राजकारणाचे जाणकार आपापल्या परीने देतील. मी खिडकीतून दिसतं तेवढं सांगते. कराने वाढलेला भाव पेट्रोलपंपाच्या पाटीवर रोज दिसायचा. परतावा सुरुवातीची तीन वर्षं प्राप्तिकराच्या विवरणपत्रातून मिळायचा, म्हणजे ज्याने विवरणपत्र भरलं त्याला, तेही वर्षातून एकदा, बाकीच्या वजावटींत मिसळून. जुलै २०२२ पासून तिमाहीने थेट खात्यात यायला लागला, पण पासबुकात नोंद अशी मोघम की हे पैसे कशाचे ते पुष्कळांना कळलंच नाही. पैसे मिळत असूनही आम्हाला काही मिळत नाही म्हणणारे लोक तिथे पाहण्यांत सापडत होते. शेवटी २०२४ मध्ये योजनेचं नाव बदलून 'कॅनडा कार्बन परतावा' केलं आणि नोंद नीट छापा म्हणून बँकांच्या मागे लागावं लागलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्याचं नाव नीट छापलेलं नाही तो पैसा, मिळाला तरी, कोणी दिला हे लक्षात राहत नाही. विलंब आकार मात्र आम्ही ठळक अक्षरात छापायचो.

स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून घर तापवायच्या इंधनावर आकारणी आहे, आता टनाला १२० फ्रँक. तिथे लोकांचा वाटा आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होऊन मिळतो. विमा सगळ्यांना सक्तीचा, त्यामुळे कोणी सुटत नाही आणि कोणाला फॉर्म भरावा लागत नाही. हे उत्तम. पण हप्त्यातून कमी झालेली रक्कम हातात पडल्यासारखी वाटत नाही, हेही तितकंच. २०२१ च्या जूनमध्ये नवा, कडक कायदा लोकांपुढे मतदानाला ठेवला तर तो थोडक्यात पडला, विरोधात ५१.६ टक्के.

आता ऑस्ट्रिया, ज्याचा लेखात उल्लेख नाही. त्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये टनाला ३० युरो लावले, आणि 'क्लिमाबोनस' नावाचा परतावा वाटायला सुरुवात केली ती सप्टेंबरमध्ये. कर लागण्याच्या आधी! मुलांना निम्मा. नाव स्पष्ट, रक्कम स्पष्ट. पुढच्या वर्षापासून चार पायऱ्या केल्या. जिथे बस-रेल्वे चांगली तिथल्या माणसाला कमी, जिथे काहीच नाही तिथल्याला जास्त. आणि अपंगत्वामुळे ज्याला बस-रेल्वे वापरताच येत नाही, तो कुठेही राहत असला तरी त्याला वरची पायरी. हे वाचताना मला ते चिठ्ठी सरकवणारे गृहस्थ आठवले. कोणीतरी, कुठेतरी, त्या चिठ्ठीसाठी संगणकात एक रकाना उघडला होता.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २०२५ मध्ये सरकारची तूट वाढली, आणि काटकसर म्हणून काय बंद केलं? परतावा. कर चालूच आहे.

म्हणून नुसतं 'परत देऊ' या शब्दावर माझा भरवसा नाही. देणं आणि घेणं एकाच कायद्यात, एकाच कलमात बांधलेलं पाहिजे. परतावा थांबला की त्याच दिवशी कर थांबला, अशी गाठ. ती गाठ बांधायला कोणत्याही देशातला अर्थमंत्री नाखूश असणार, हे मला कळतं.

रोख आधी दिल्याने सगळं सुटतं असंही नाही, कबूल करते. इराणमध्ये डिसेंबर २०१० ला इंधनावरचं अनुदान काढताना सरकारने माणशी रक्कम आधीच खात्यात टाकली होती, खातं बंद ठेवून. दर वाढले त्या दिवशी ते उघडलं. युक्ती नामी, लोकांनी वाढ सोसली. पण रक्कम तीच राहिली आणि महागाई धावत सुटली, काही वर्षांत त्या पैशाला अर्थच उरला नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१२ ला टनाला २३ डॉलर लावण्याआधी निवृत्तांना आणि कुटुंबांना रकमा दिल्या, प्राप्तिकराची माफीची मर्यादा ६,००० वरून १८,२०० वर नेली, तरी दोन वर्षांत सरकार बदललं आणि कर गेला. माफीची मर्यादा मात्र राहिली, ती काढायला कोणी धजावलं नाही. हातात आधी पडलेलं काढून घेणं अवघड असतं, एवढा बोध मी त्यातून घेतला.

'मग करच नको' म्हणणाऱ्यांचीही पत्रं तुम्हाला येतील. त्यांनी गरिबाचं नाव पुढे करू नये. स्वस्त इंधन म्हणजे गरिबाची सोय, हा समज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी कधीच मोडीत काढलाय. विकसनशील देशांत इंधनाच्या अनुदानातला ४३ टक्के हिस्सा वरच्या वीस टक्के घरांना जात होता आणि खालच्या वीस टक्क्यांना ७. मोठी टाकी, मोठं अनुदान. शिवाय हवा तापली की पहिला चटका कोणाला बसतो हे सांगायला तक्ता लागत नाही. उन्हात उभं राहून ज्याला काम करावं लागतं त्याला. एका गोष्टीला मात्र जपायला हवं, ती म्हणजे चुलीला पर्याय असलेला स्वयंपाकाचा गॅस. तो महाग झाला तर बाई सौरऊर्जेकडे वळत नाही, लाकडाकडे वळते, आणि तो धूर कोणत्याही करात मोजला जात नाही.

तेव्हा लेखकमहाशयांना आपल्यामार्फत एक विनंती आहे. तुमच्या तक्त्यात उत्पन्नाचे पाच गट आहेत, भरलेला कर आहे, मिळालेला परतावा आहे. त्यात आणखी दोन रकाने घालून तो पुन्हा छापता का? एकात लिहा, परतावा कोणत्या तारखेला जमा होणार. दुसऱ्यात, कोणाच्या नावावर. माणशी असेल तर माणशी लिहा, जोडणीमागे असेल तर जोडणीमागे लिहा, लपवू नका. आणि पहिल्या रकान्यातली तारीख बिलाच्या तारखेनंतरची निघाली, तर त्या ओळीपुढचं अधिकचं चिन्ह खोडा.

पॅकिंगवाल्या त्या बाई मी निवृत्त झाले त्या महिन्यातही अकरालाच आल्या होत्या. विलंब आकाराचे सुटे मी त्या दिवशी माझ्या पर्समधून टाकले आणि त्यांचे त्यांना परत दिले. त्यांनी ते घेतले नाहीत. "पुढच्या महिन्यात तुम्ही नसणार," म्हणाल्या, "सवय मोडायला नको."

पत्र लांबलं, कात्री लावली तरी चालेल, फक्त तारखेचा भाग ठेवावा. नाव छापू नये ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त रोखपाल